कमरेचं माप

८ जून

भोपूच्या बाबांना,
नमस्कार.

वॉर्डमधून निघताना तुम्ही पत्ता लिहून दिलात आणि म्हणालात, ताई, अडलं तर लिहा, मी या आजारात तुम्हाला दोन वर्षांनी सीनिअर आहे. तेव्हा मी हसले होते. घरी येऊन आज नऊ दिवस झाले आणि अडलं आहे.

तशी गुंडी बरी आहे. डोळ्यांवरची सूज गेली, पाय पुन्हा काड्यांसारखे झाले. पण रोज सकाळी ती लघवी तपासायची काचनळी हातात घ्यावी लागते. मी शिलाईवाली बाई, सुईत दोरा न बघता ओवते, आणि या बोटभर नळीपुढे माझी गाळण उडते. तुम्ही वॉर्डमागच्या खोलीत शिकवलं तसंच सगळं करते. सकाळची पहिली लघवी घेते, नळी पाऊण भरते, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवते. उकळी आली की मला ती गढूळच दिसते. मग नवऱ्याला हाक मारते. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो, रंगातला फरक त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तो म्हणतो, स्वच्छ आहे. तरी मी खिडकीशी नेऊन पुन्हा बघते. तो म्हणतो, तू आता पोरीपेक्षा नळीलाच जास्त बघतेस.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, किडनीची चाळणी सैल झाली की अंगातली प्रथिनं लघवीतून निसटतात आणि अंगावर पाणी चढतं. ते मला समजलं. कापडाची वीण सैल झाली की काय होतं ते मला माहीत आहे. पण ती सैल का झाली, ते कुणीच सांगत नाही. माझ्या हातून खाण्यात काही चुकलं का? मागच्या थंडीत तिला पातळ स्वेटर घातला होता, त्याने झालं का?

आणि गाल. गोळ्यांनी तिचे गाल वॉर्डात होते त्याच्या दुप्पट झालेत. दिवसभर भूक भूक करते. पावाच्या चार चकत्या खाऊन पाचवी मागते, नाही म्हटलं की हमसून रडते. शेजारीण म्हणाली, अगं, किती छान गुटगुटीत झालीय. मी हातातली शिवण पुढे ओढली. तुम्ही भोपूचे गाल कसे सहन केलेत?

त्याला मी वॉर्डात शिवलेला पायजमा बसला का? सिस्टर ओरडत होत्या, पण मला हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं.

तुमची,
गुंडीची आई

१७ जून

ताई,

पायजमा इतका बसला की भोपू तो घालून शाळेत निघाला होता. त्याच्या आईने दारातून परत ओढून आणला. त्याच्या भोंग्याचा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत गेला. नाव उगाच नाही पडलं.

आता तुमच्या शंका. पहिली नळीची. उकळल्यावर गढूळ वाटली तर व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाका. ढग विरला तर काळजी नाही, राहिला तर प्रथिनं. आणि नळीमागे छापील कागद धरा. अक्षरं स्पष्ट वाचता आली तर उत्तम, धूसर झाली तर वहीत अधिकची एक किंवा दोन चिन्हं, अजिबात दिसेनाशी झाली तर तीन. तीन अधिक सलग तीन दिवस आले तर डॉक्टरीणबाईंना फोन. एखाद्या दिवशी काही दिसलं म्हणून छाती पिटायची नाही. रोजचं वहीत लिहा. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. चाळीस दुकानांचे काटे माझ्या हाताखालून जातात. एकदा बघून काट्यावर कधी बोलायचं नाही, हा आमचा पहिला धडा.

दुसरी शंका, तुमच्या हातून काय चुकलं. काही नाही. मीही पहिलं वर्ष हेच विचारत फिरलो. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं की हे कुणाच्या स्वेटरने होत नाही आणि कुणाच्या पावानेही नाही. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. मधल्या वर्षांत त्यांना सांभाळून न्यायचं, एवढंच आपल्या हातात.

तिसरी, आणि ही पाठ करून ठेवा. ती पांढरी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. अर्धीही कमी करायची नाही. ती एकदम थांबली तर शरीर गांगरतं. डॉक्टर उतरवतील तशी पायरीपायरीनेच उतरायची. आणि सूज असताना पोट दुखून ताप आला, तर घरात थांबायचं नाही, सरळ दवाखाना. हे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो.

गालांचं मात्र मला उत्तर येत नाही. आमच्याकडे आरसा उंच टांगला आहे.

आमच्या घरात सकाळचं काम माझं. भोपूची आई बेकरीत भट्टीवर असते, पहाटे चारला जाते ती दुपारी येते. म्हणून गोळी, नळी, वही, शाळा, सगळं माझ्याकडे. ती आल्यावर वही उघडून बघते, मान हलवते आणि मग चप्पल काढते.

गुंडीला सांगा, गाल हे उसने घेतलेले असतात, परत जातात.

तुमचा,
भोपूचा बाबा

४ जुलै

दादा,

तुमचं पत्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. गेल्या आठवड्यात ते पाच वेळा वाचलं.

गुंडीला सर्दी झाली आणि दुसऱ्याच दिवशी नळीत ढग. व्हिनेगर टाकलं, विरला नाही. मागे कागद धरला तर अक्षरं धुक्यात गेल्यासारखी. दोन अधिक. मी नवऱ्याला ओरडून हाक मारली. नवरा म्हणाला, दादांनी काय लिहिलंय, छाती पिटायची नाही. मी म्हटलं, ते तुला सोपं आहे. मग आम्ही दोघं भांडलो, आणि भांडण संपल्यावर मी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. कोपऱ्यावरच्या दुकानातून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, सर्दीत असं होतं, डोस आहे तोच ठेवा, रोज तपासा, वाढलं तर या. चौथ्या दिवशी एक आलं, पाचव्या दिवशी स्वच्छ. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला चुकून उलटी बाही लावली आणि उसवताना मला हसू येत होतं.

सर्दीत असं होतं, हे मला आधी माहीत असतं तर ते चार दिवस मी माणसासारखी वागले असते. माहिती नसली की मन वाटेल तिथे पळतं.

मीठ कमी केल्यावर घरात वेगळंच चालू झालं. गुंडी मीठदाणीला जीभ लावताना सापडली. मी ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून मीच वळून उभी राहिले. नवऱ्याने मीठदाणी वरच्या फळीवर ठेवली आणि आता आम्ही तिघंही अळणी खातो. तो जेवताना तोंड असं करतो की गुंडीलाच त्याची दया येते.

शाळेत एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, हे लागण होणारं आहे का? मी म्हटलं नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी वेगळ्या बाकावर बसली. तुम्हाला हे सगळं सोसावं लागलं असेल.

एक विचारायचं होतं. भोपूला आता किती गोळ्या आहेत? एक दिवसाआड झाल्या का? गुंडीच्या कधी होतील याचा अंदाज यावा म्हणून विचारते.

तुमची,
गुंडीची आई

२६ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. काट्यांच्या तपासणीचे दिवस आहेत, बाहेरगावचे फेरे चालू आहेत. उद्यापासून पुन्हा तीन दिवस बाहेर.

तुम्ही चार दिवस न डगमगता काढलेत, हे वाचून मला बरं वाटलं. मी तुमच्या पासंगालाही पुरणार नाही.

आमच्याकडची बातमी चांगली आहे. भोपूचे गाल उतरले. खरंच उतरले, जुना चेहरा पुन्हा दिसायला लागला. पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या मैदानात पळाला आणि सातांत तिसरा आला. गेल्या वर्षी पोरं त्याला फुगा म्हणायची. तो घरी येऊन काही सांगायचा नाही, फक्त शाळेचा शर्ट काढून खुंटीवर न लावता खाली टाकायचा. आता शर्ट खुंटीवर असतो. हे बघून किती बरं वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक काम होतं. शाळेचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. भोपू समूहगानात आहे, मागच्या रांगेत, पण आहे. काळी पँट लागणार. इथला शिंपी दोन आठवडे म्हणतो. तुम्ही शिवाल का? माप मी स्वतः घेतलं आहे. कंबर सव्वीस इंच, पँटची उंची साडेबावीस, मांडी चौदा. कंबर थोडी वाढली आहे, चांगलं अंग धरलं आहे पोराने. खाली दोन इंच जास्त ठेवा, वाढतं वय आहे.

काल पोट दुखतं म्हणून शाळेत गेला नाही. गाणं म्हणायच्या भीतीने असेल. मीही लहानपणी हेच करायचो.

गुंडीला आशीर्वाद.

तुमचा,
भोपूचा बाबा

२९ जुलै

दादा,

तुमचं पत्र अर्ध्या तासापूर्वी आलं. हे लिहायच्या आधी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तुमच्या घराखालच्या स्टेशनरीवाल्याला, तुम्ही पत्त्याखाली दिलेल्या नंबरावर, फोन केला. तुम्ही बाहेरगावी आहात असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, वर जाऊन वहिनींना निरोप द्या, वहिनी नसतील तर बेकरीत जा, की भोपूला आजच दवाखान्यात न्या, संध्याकाळची वाट बघू नका. तो विचारत राहिला, तुम्ही कोण. मी म्हटलं, वॉर्डातली बाई. माझं चुकलं असेल तर मी पाया पडून माफी मागेन.

वॉर्डात पायजमा शिवताना भोपूची मापं मी घेतली होती. ती माझ्या वहीत आहेत. कंबर बावीस. उंची साडेबावीस. मांडी साडेबारा. तेव्हा त्याची सूज नुकतीच उतरली होती. आज दोन महिन्यांनी उंची तीच आहे, आणि कंबर चार इंच वाढली आहे. दादा, अंग धरणाऱ्या मुलाची उंचीही जराशी सरकते आणि कंबर इंचभर वाढते. दोन महिन्यांत चार इंच मांस चढत नाही. ते पाणी आहे.

तुम्हीच मला लिहिलं होतं, सूज असताना पोट दुखलं तर काय करायचं ते.

मी किती गोळ्या आहेत असं विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तुमच्या घरात इतके काटे आहेत, भोपूला शेवटचं कधी उभं केलंत? मला उत्तर नको आहे. फक्त त्याला दवाखान्यात न्या.

मी पँट कापलेली नाही.

गुंडीची आई

१५ ऑगस्ट

ताई,

हे पत्र वॉर्डातून लिहितो आहे. आपली खिडकीजवळची जागा नाही मिळाली, दाराजवळची आहे. भोपू झोपला आहे. आज अठरावा दिवस.

तुमचा निरोप माझ्याआधी त्याच्या आईला पोचला. स्टेशनरीवाला स्वतः बेकरीत गेला. ती पिठाच्या हातांनी घरी आली. भोपूला ताप होता. तिने वही उघडली. वहीत रोज माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. मग तिने नळीचा डबा काढला. नळीवर धूळ होती. गोळ्यांची पट्टी मोजायची तिला गरजच पडली नाही, ती जवळजवळ भरलेली होती. तिने पोराला उचललं आणि निघाली. मी तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि खाली स्टेशनरीवाला मान खाली घालून बसला होता.

पोटातल्या पाण्यात जंतू शिरले होते. पहिले चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. आता ताप नाही, सूज अर्धी उतरली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर आपण आज वेगळं बोलत असतो. त्यांनी मला विचारलं, कुणी ओळखलं? मी म्हटलं, एका शिलाईवाल्या बाईने, अडीचशे किलोमीटरवरून.

आता खरं लिहितो. तुम्हाला लिहिलेलं जूनचं पत्र खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द मी मानत होतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भोपू शाळेतून आला, शर्ट खाली टाकला आणि पहिल्यांदा बोलला. म्हणाला, बाबा, गोळी सोडली तर माझा जुना चेहरा परत येईल का? मी म्हटलं, येईल, पण अजून वेळ आहे. तो म्हणाला, थोडे दिवस सोडूया ना. तो रडला असता तर मी नाही म्हटलं असतं, भोंग्याची मला सवय आहे. पण तो रडला नाही.

मी मनात म्हटलं, चार दिवस बघू. चार दिवस नळी स्वच्छ आली. आठ दिवस स्वच्छ आली. मला वाटलं, बघा, डॉक्टरांना काय कळतं, बाप मी आहे. गाल उतरायला लागले. तो पळाला, तिसरा आला. आणि त्यानंतरच्या सोमवारी नळीत ढग आला. छापील कागद मागे धरला, एक अक्षर दिसेना. मी नळी मोरीत ओतली आणि वहीत स्वच्छ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी नळी काढलीच नाही.

ताई, पारड्याखाली मेण लावून वजन मारणारे दुकानदार मी बावीस वर्षं बघत आलो. मेण काढून त्यांच्या हातात देतो, पुन्हा नका लावू म्हणतो. त्यातला एकही दुकानदार मेण लावलंय हे विसरत नाही. मी विसरलो होतो. तुम्हाला 'चांगलं अंग धरलं आहे' लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. सगळं माहीत असलेला माणूस मी, तुम्हाला पाठ करायला लावणारा. माहिती होती, पण त्या सोमवारी ती माझ्या काही कामाला आली नाही.

सगळ्यात वाईट सांगायचं राहिलं. परवा सिस्टर सुई लावायला आल्या तेव्हा भोपू त्यांना म्हणाला, बाबांना रागवू नका, मीच सांगितलं होतं.

त्याची आई माझ्याशी बोलत नाही. कामापुरतं बोलते. पाणी द्या, बाजूला सरका.

तुम्ही आता मला लिहिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

भोपूचा बाबा

२० ऑगस्ट

दादा,

लिहिणार नाही असं तुम्हाला का वाटलं?

तुमचं पत्र मी खाली बसून वाचलं. राग आला होता, तो दोन दिवस होता, म्हणून दोन दिवस पेन उचललं नाही. आता नाही. आता मला माझं सांगायचं आहे. हे मी वॉर्डात डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं नाही.

मापांवरून मी ओळखलं म्हणून तुम्ही मला मोठं करता आहात. मी ओळखलं, कारण तेच माप मी आधी एकदा चुकवलं होतं. गुंडीचा आजार कळला त्याच्या आधीच्या महिन्यात तिचा शाळेचा फ्रॉक कमरेला घट्ट झाला. मी शिवण उसवून सैल केला. आठ दिवसांनी पुन्हा घट्ट. पुन्हा सैल केला. तिसऱ्यांदा उसवायला कापडच उरलं नाही, तेव्हा बाजूला एक पट्टी जोडली. तेव्हा गणवेशांचा हंगाम होता, माझ्याकडे साठ फ्रॉक होते. मान वर करायला वेळ नव्हता. ती म्हणायची, आई, बूट टोचतात. मी म्हणायचे, थांब गं. आणि मनात खूश होते, की माझी काडी पोर शेवटी बाळसं धरतेय. शेजारणीला मीच कौतुकाने सांगितलं होतं.

ज्या सकाळी तिचे डोळे उघडेनात, त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सूज कधीपासून आहे? मी म्हटलं, कालपासून. दादा, मी तीन आठवडे हातात टेप घेऊन तिच्या कमरेला हात लावत होते.

तो पट्टी जोडलेला फ्रॉक अजून माझ्याकडे आहे. फेकवत नाही. नवऱ्यालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. काल रात्रीच्या जेवणानंतर त्याला सांगितलं. त्याने फ्रॉक घेतला, उलटा केला, पट्टीची शिवण बघितली आणि म्हणाला, शिवण मात्र सरळ आहे. मग मी रडले आणि बरं वाटलं.

म्हणून वाटतं, वहिनींना बोलू द्या. त्या बोलल्या नाहीत तर तुम्हीच बोला. मला सांगितलंत ते सगळं त्यांना सांगितलंत का? वही त्यांनी बघितली, पण तो सोमवार त्यांना माहीत नसेल.

आणि भोपूचं. तो जे सिस्टरना म्हणाला, ते त्याच्या मनात राहू देऊ नका. औषधाने ते जाणार नाही.

कार्यक्रम हुकला असेल, पण पँट मी कापते आहे. कंबर बावीसच धरते, आत दीड इंच माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, ठेवते. गाल पुन्हा येतील तेव्हा सोडता येईल.

गुंडी एक दिवसाआड गोळीवर आली.

तुमची,
गुंडीची आई

६ ऑक्टोबर

ताई,

पँट बसली. सध्या माया सोडावी लागली आहे, कारण गोळ्या पुन्हा पहिल्यापासून चालू आहेत आणि गाल आले आहेत, पहिल्यापेक्षा मोठे. नळी एकोणीस दिवस स्वच्छ आहे. खरी स्वच्छ.

तुम्ही सांगितलंत तसं मी त्याच्या आईला सोमवारचं सांगितलं. दवाखान्याच्या कँटीनमध्ये, चहा समोर ठेवून. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, तुला त्या दिवशी मला बोलावता आलं असतं, बेकरी काही चंद्रावर नाही. मग कप बाजूला सारला आणि म्हणाली, मीही कधी नळी मागितली नाही. वही बघून मला सुटल्यासारखं वाटायचं. आता तिने बेकरीतली पाळी बदलून घेतली आहे. सकाळी आम्ही दोघं खिडकीशी उभे असतो आणि मागचा छापील कागद ती धरते. अजून पूर्वीसारखं बोलत नाही. पण परवा मी चुकून स्पिरिट सांडलं, तेव्हा चांगली ओरडली, मला हायसं वाटलं.

आम्ही शाळेतही गेलो. भोपूच्या बाईंनी वर्गात अर्धा तास आम्हाला बोलू दिलं. त्याच्या आईने फळ्यावर चाळणी काढली. एका पोराने विचारलं, मग गाल कधी उतरणार? भोपू स्वतः उठून म्हणाला, मार्चमध्ये. तारीख कुणी दिली माहीत नाही.

आता जे तुम्ही लिहिलं होतं ते. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन त्याच्यासमोर बसलो. त्याला म्हटलं, तू सिस्टरना म्हणालास की तूच सांगितलं होतं. त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, भोपू, मागायचं काम मुलाचं असतं. नाही म्हणायचं काम बापाचं. तू तुझं काम बरोबर केलंस. मी माझं केलं नाही.

त्याने मान वर केली. मग त्याने विचारलं, म्हणजे मी रोज मागितलं तरी चालेल?

मी म्हटलं, चालेल.

तेव्हापासून रोज सकाळी तो समोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, बाबा, आज गोळी नको. मी म्हणतो, नाही, घ्यायची. आणि तो हात पुढे करतो.

तुमचा,
भोपूचा बाबा